बेचाळीस मीटरची तार आणि आष्टीची बातमी

काही वर्षांपूर्वीची, जुलै महिन्यातली गोष्ट. वर्ध्यातल्या माझ्या घराच्या गच्चीवर चाळीस मीटर बँडसाठी एक डायपोल अँटेना टांगलेली आहे. नाव भारदस्त, पण वस्तू साधी. वीसेक मीटर लांबीची तांब्याची तार, मधोमध तोडलेली आणि तिथून खाली आणलेली केबल. आम्हा हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे हॅम मंडळींचा, सगळा संसार एवढ्या तारेवर चालतो.

उन्हाळाभर ती अँटेना रुसलेली होती. सेटने पाठवलेल्या शक्तीपैकी काही भाग अँटेना न स्वीकारता परत फिरवते. तो किती, हे ज्या आकड्यावरून कळतं त्याला एसडब्ल्यूआर म्हणतात. आकडा तीन असला तर पाव हिस्सा शक्ती उलटी येते. मग मधे ट्यूनर बसवायचा आणि त्याच्या खुंट्या पिळत बसायचं, अगदी तंबोरा लावावा तसं. पण पावसाची झड लागली आणि काय चमत्कार, आकडा आपोआप 1.2 वर आला! ट्यूनरला हात लावायची गरज उरली नाही. मी खूश. फक्त नागपूर-अमरावतीचे रोजचे मित्र हाकेला ओ देईनात.

तीन दिवस मी ट्यूनर उघडून, पुसून, पुन्हा जोडून पाहिला. दोष त्याच्यात नव्हताच. वरच्या जोडातून केबलमध्ये पाणी शिरलं होतं. ओली केबल शक्ती वाटेतच जिरवत होती. अँटेनापर्यंत थोडीच पोचत होती आणि तिथून परत फिरलेलीही वाटेतच संपत होती. मीटरला उलटं येणारं काही दिसेना, म्हणून त्याने शाबासकी दिली. केबल बदलली, जोडाला नीट टेप गुंडाळली. आकडा बिघडून अडीचवर गेला आणि मित्रांना माझा आवाज ऐकू येऊ लागला. तेव्हापासून मी मीटरपेक्षा समोरच्या माणसावर जास्त विश्वास ठेवतो.

गच्चीवर भिजत हे उद्योग करताना मला 1942 सालच्या काँग्रेस रेडिओची आठवण झाली. ती उगाच झाली नाही. त्या गुप्त केंद्राची लहर 42.34 मीटर होती. तीन लाखाला भागून पाहा, 7.08 मेगाहर्ट्झ येतात. माझ्या सेटवर मी रोज जिथे बोलतो, ती जवळजवळ तीच जागा!

14 जुलै 1942 रोजी काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिशांनी भारतातली सत्ता सोडावी असा ठराव केला तो आमच्या वर्ध्याला. 8 ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर त्यावर शिक्कामोर्तब झालं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी तुरुंगात गेले. वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप. अशा वेळी उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी 27 ऑगस्टला मुंबईतून आपलं रेडिओ केंद्र सुरू केलं. यंत्राची बाजू सांभाळायला हॅम मंडळीच होती. नरिमन प्रिंटर, बॉब तन्ना ही त्यातली नावं. महायुद्ध सुरू होताच 1939 मध्ये सरकारने हौशी लोकांचे परवाने रद्द केले होते. म्हणजे त्यांच्या हातात कला होती, परवानगी नव्हती.

पोलिसांच्या शोधगाड्या फिरत, म्हणून केंद्र मुंबईत एका घरातून दुसऱ्या घरात हलवावं लागे. पुस्तकांत हे लपाछपीच्या थाटात वाचायला मिळतं. पण ज्याने एकदा तरी तार बांधली आहे त्याला विचारा! सेट पेटीत भरून नेता येतो, अँटेनाचं गणित नेता येत नाही. नव्या गच्चीवर उंची वेगळी, शेजारी पत्र्याचं छप्पर, पाण्याचे नळ, विजेच्या तारा. तीच वीस मीटरची तार तिथे निराळी वागते. प्रत्येक घर बदललं की जुळणी नव्याने. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये ती चुकली तर व्हॉल्व्हची प्लेट लाल होते आणि महागडा व्हॉल्व्ह हातचा जातो.

आणि जुळणी मुकाट्याने होत नाही. खुंटी फिरवायची तर सेट चालू ठेवावा लागतो, लहर हवेत सोडावी लागते. शोधगाडीवरच्या फिरत्या अँटेनाला तेवढंच हवं असतं. दोन ठिकाणांहून दिशा घेतली की नकाशावर दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे तुम्ही सापडलात. मी तीन दिवस निवांत खुंट्या पिळल्या. चूक झाली तर मित्र हसले असते, इतकंच.

आता यात वर्ध्याचं काय, असं कुणी म्हणेल. आमच्या जिल्ह्यातल्या आष्टीला 16 ऑगस्ट 1942 रोजी, नागपंचमीला, लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले. गोळीबार झाला. गावकरी मेले, पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी शेजारच्या चांदा जिल्ह्यात चिमूरलाही उठाव झाला आणि नंतर तिथे गावावर, बायकामाणसांवर जे अत्याचार झाले त्याबद्दल छापायची सोय नव्हती. वर्तमानपत्रं ज्याला हात लावायला धजत नव्हती, ती आष्टी-चिमूरची हकिगत काँग्रेस रेडिओने सांगितली. उषाबेन पुढे मुलाखतींतून हे आवर्जून सांगत. मुंबईहून वर्धा सरळ रेषेत सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास. सात मेगाहर्ट्झची लहर, बेताच्या उंचीवरच्या तारेतून निघाली की वर जाते आणि आकाशातून परतून साधारण एवढ्याच टापूत उतरते. गच्ची फार उंच नसणं इथे पथ्यावरच पडतं.

12 नोव्हेंबरला गिरगावात पारेख वाडीच्या जागेवर छापा पडला. ती जागा शोधगाडीने नव्हे, फुटलेल्या तंत्रज्ञाने दाखवली, असं उषाबेनचं सांगणं होतं. त्यांना चार वर्षांची सक्तमजुरी झाली.

त्याच नोव्हेंबरात सेवाग्राम आश्रमातल्या प्रा. भन्साळींनी चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून उपवास आरंभला. तो 63 दिवस चालला. उपवासाची बातमी छापायलाही सरकारने बंदी केली आणि आता ती सांगायला 42.34 मीटरवर कुणी उरलं नव्हतं. अखेर 6 जानेवारी 1943 रोजी देशातल्या अनेक वृत्तपत्रांनी निषेध म्हणून त्या दिवशीचा अंकच काढला नाही.