संकेतस्थळाचे रूप कोणाच्या हाती? वर्डप्रेसमधील एका सत्तांतराची कथा

१/८
संकेतस्थळाची शीर्षपट्टी, रंग वा मांडणी बदलणे आज काही क्षणांचे काम आहे. परंतु हा अधिकार सामान्य वापरकर्त्याच्या हाती येण्यास जवळपास दोन दशके लागली. त्या प्रवासाचा हा संक्षिप्त इतिहास.

२/८
मिशेल वाल्द्रिगी यांच्या ‘बी२’ या प्रणालीचे काम २००३ च्या सुमारास थंडावले होते. तिचा परवाना जीपीएल असल्याने तिची संहिता कोणालाही पुढे नेता येत होती. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी तेच केले. २७ मे २००३ रोजी वर्डप्रेस अवतरले.

३/८
आरंभी रूप पालटायचे, तर थेट संहितेत हात घालावा लागे. मे २००४ मधील १.२ आवृत्तीत प्लगइन आले आणि मूळ संहितेला धक्का न लावता नवी सोय जोडता येऊ लागली. फेब्रुवारी २००५ च्या १.५ आवृत्तीने थीम आणली. मजकूर तोच ठेवून संकेतस्थळाचा संपूर्ण वेश बदलणे शक्य झाले.

४/८
तथापि सत्ता आता थीमकाराकडे गेली. काय बदलता येईल, हे तोच ठरवी. प्रत्येक थीमची सेटिंग निराळी; थीम बदलली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

५/८
जून २०१२ च्या ३.४ आवृत्तीतील ‘कस्टमायझर’ने यात शिस्त आणली. केलेला बदल प्रकाशित करण्यापूर्वीच डोळ्यांसमोर दिसू लागला. मर्यादा मात्र थीमकाराने आखलेलीच राहिली.

६/८
डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आवृत्तीसह ‘गुटेनबर्ग’ संपादक आला. नाव सार्थ होते. छापखान्यात सुटे खिळे जुळवून पान उभे राही; येथे परिच्छेद, चित्र, शीर्षक अशा सुट्या ब्लॉकांतून पान उभे राहू लागले.

७/८
हा बदल सर्वांना मानवला नाही. स्क्रीन रीडर वा केवळ कीबोर्ड वापरणाऱ्यांसाठी नवा संपादक अडचणीचा असल्याचे आक्षेप आले. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुगम्यता गटाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. काहींनी तर वेगळी चूल मांडून ‘क्लासिकप्रेस’ उभारले. ज्या जीपीएलच्या बळावर वर्डप्रेस जन्मले, त्याच परवान्याने या असंतुष्टांनाही वाट दिली.

८/८
जानेवारी २०२२ च्या ५.९ आवृत्तीपासून ब्लॉक थीम वापरल्यास शीर्षपट्टीपासून तळपट्टीपर्यंत सारे संकेतस्थळ संहितेविना बदलता येते. थीमकाराची मक्तेदारी बरीच ओसरली. पण ज्यांना हे साधनच हाताळता येत नाही, त्यांच्यापर्यंत हे स्वातंत्र्य पोहोचत नाही. म्हणून साधनांचा इतिहास वाचताना ‘नवे काय आले?’ यासोबतच ‘कोण बाहेर राहिले?’ हाही प्रश्न विचारावा लागतो.