मौनाची विक्री: सॅनिटरी पॅडच्या जाहिरातीची कुळकथा

पहिल्या महायुद्धात अमेरिकेतल्या किम्बर्ली-क्लार्क कंपनीने लाकडाच्या लगद्यापासून सेल्युकॉटन नावाची मलमपट्टी बनवली. ती कापसाहून स्वस्त होती आणि रक्त कितीतरी जास्त शोषायची. इस्पितळांतल्या परिचारिका पाळीच्या दिवसांतही तीच वापरू लागल्या. युद्ध संपल्यावर त्याच मालाचं १९२० साली ‘कोटेक्स’ पॅड झालं. माल चांगला होता, पण दुकानातल्या पुरुषाकडे तो मागायचा कसा, इथे गाडं अडलं. १९२१च्या मासिकांतल्या जाहिरातींत परिचारिका आणि जखमी सैनिक दिसत, पाळीचा थेट उच्चार नसे. पुढे पुडे काउंटरवर मांडून शेजारी पैशांची पेटी ठेवण्याची युक्ती निघाली: नाणी टाकायची, पुडा उचलायचा, बोलायचं काहीच नाही. १९२८ साली ‘मोडेस’ पॅडच्या जाहिरातीत तर कापून घेण्याजोगं कुपन असे; ते मुकाट्याने पुढे केलं की पुडा हाती पडे. माझ्या मते इथे लगद्याच्या पॅडइतकंच मौनही विकलं जात होतं.

यावर कोणी म्हणेल, लाज काही कंपन्यांनी जन्माला घातली नाही. उलट धुतलेल्या चिंध्या लपवून वाळवण्याच्या जाचातून त्यांनी बाईला सोडवलं. हे खरं आहे, आणि ती सुटका लहान नव्हती. समाजाच्या पुढे जाहिरात किती धावणार, हेही मान्य. पण समाज ऐकायला तयार नव्हता एवढ्यावर सगळं ढकलता येत नाही. १९४६ साली कोटेक्सवाल्यांच्याच पैशाने डिस्नेने शाळकरी मुलींसाठी पाळीवर बोलपट काढला. त्यात गर्भाशयापासून योनीपर्यंत सारं नाव घेऊन सांगितलं होतं. रक्त मात्र पांढरंशुभ्र दाखवलं. म्हणजे मोकळेपणाने बोलणं जमत होतं, फक्त ते कुठवर न्यायचं हे विकणारा ठरवत होता. अमेरिकी टीव्हीवरची या जाहिरातींची बंदी १९७२ साली उठली, तरी तिथल्या जाहिरातीत पाळीसाठीचा रोजचा शब्द यायला १९८५ उजाडलं. पॅडवर रक्ताऐवजी निळं पाणी तर त्यानंतरही कितीतरी वर्षं ओतलं जात राहिलं. डाग ‘दिसेल’ ही भीती जागी ठेवण्यातच धंद्याचा फायदा होता.

म्हणूनच भारतातली २०१४ची ‘व्हिस्पर’ची लोणच्याची जाहिरात मला मोलाची वाटते. पाळीत बरणीला हात लावायचा नाही, हा आपल्याकडेही पाळला गेलेला दंडक तिने मोडायला सांगितला. भीती दाखवून माल खपवण्याऐवजी तिने घरातल्या नियमालाच जाब विचारला. रक्ताचा रंग मात्र तिनेही दाखवला नाही. ते धाडस २०१७ साली ब्रिटनमध्ये ‘बॉडीफॉर्म’ने केलं.