क्रमांकामागचा पूर्वज

पूर्वजांचा शोध म्हटला कीं आपणांस नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आठवतात. यात्रेस आलेल्या पुरुषाचें नांव, गांव, बापआजांचीं नांवें तेथें पिढ्यान् पिढ्या उतरलेलीं असतात. परंतु यात्रेस नव्हे, पोटासाठीं जो समुद्रापार गेला, त्याचा माग कोठें लावावा?

मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांपुरतें याचें उत्तर त्या बेटावरील मोका येथें, महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरांत आहे. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारें साडेचार लाख हिंदी मजूर करारानें तेथें गेले. मुंबई बंदरांतून गेलेल्यांत कोंकणांतील मराठी माणसें होतीं. उतरतांच प्रत्येकास एक क्रमांक मिळे. त्यापुढें नांव, बापाचें नांव, वय, उंची, जात, जिल्हा, गांव, जहाज अशी नोंद होई.

ही नोंद वाचणें मात्र सोपें नाहीं. परका कारकून कानावर पडेल तें रोमन अक्षरांत लिही. त्या लिपींत ट आणि त, ड आणि द, ळ आणि ल यांचा भेद नाहीं. शिवाय कोंकणांत एकाच नांवाचीं गांवें किती! म्हणून असलें ग्रामनाम डोळ्यांनीं न वाचतां मोठ्यानें उच्चारून पहावें. दुसरी अडचण आडनांवाची. मूळ पुरुषाचें नांवच पुढें तिकडे वंशजांचें आडनांव होऊन बसलें. समजा, रामजी नांवाचा गडी गेला, तर त्याचा पणतू आज आडनांवानें रामजी! तें आडनांव घेऊन रत्नागिरींत चौकशी केली, तर ओळख देणार कोण?

कित्येक नोंदींबरोबर छायाचित्रहि असतें. तें हौसेनें काढविलेलें नव्हे. १८६७ च्या कायद्यानें, करार संपलेल्या मजुरासहि छायाचित्र असलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसल्यास भटक्या म्हणून अटक होई. १८७१ मध्यें अशा ९,४०१ मजुरांनीं या जाचाविरुद्ध अर्ज केला, आणि पुढें राजाज्ञेनें चौकशीमंडळ नेमावें लागलें. पोलिसांसाठीं घेतलेला तो चेहरा आज वंशजास आपल्या पूर्वजाचें एकमेव दर्शन होय!

सुमारें एकतृतीयांश मजूर स्वदेशीं परतले. तेव्हां एखाद्याची नोंद मध्येंच तुटली, तर तो तिकडेच वारला असें न धरतां परतीच्या जहाजांचे पट आधीं पहावे. त्याचें उरलेलें आयुष्य कदाचित् कोंकणांतच, कोणा भाऊबंदांच्या घरीं सांपडावयाचें!