दिनविशेष : ३१ मार्च – वाचोव्स्की भगिनींचा ‘मॅट्रिक्स’
३१ मार्च १९९९ रोजी ‘द मॅट्रिक्स’ अमेरिकेत झळकला. शिकागोच्या लाना आणि लिली वाचोव्स्की या भगिनींचे दिग्दर्शन असलेला हा अवघा दुसरा चित्रपट. पहिला, ‘बाउंड’, १९९६चा. हवेत थबकलेल्या गोळ्या आणि नायकाभोवती गरगरणारा कॅमेरा यांची नक्कल पुढे जाहिरातवाल्यांनीही मनसोक्त केली. चित्रपटाला चार ऑस्कर मिळाली.

या भगिनींचाच ‘स्पीड रेसर’ (२००८) मात्र तिकीटबारीवर आपटला.

२०१५मध्ये त्या नेटफ्लिक्सवर ‘सेन्स८’ ही मालिका घेऊन आल्या. आठ शहरांतल्या आठ अनोळखी माणसांची मने त्यात जोडली जातात. त्यातली एक मुंबईची कला दांडेकर. तिच्या वडिलांच्या भूमिकेत अनुपम खेर! दांडेकर म्हणून ते डोळ्यांसमोर यायला जरा वेळच लागतो. कलाच्या कथानकाचे चित्रीकरण मुंबईतच झाले. ‘द मॅट्रिक्स रिसरेक्शन्स’ (२०२१) लानाने एकटीनेच दिग्दर्शित केला.