आत्मपारख, पूल व स्नूकरमधील

हौसेने पूल किंवा स्नूकर खेळणारा माणूस स्वतःच्या खेळाची जी पातळी मनाशी धरतो आणि जी चारचौघांत सांगतो, ती. या दोन पातळ्या सहसा जुळत नाहीत. मनातली बहुधा वरची असते. सांगितलेली मात्र समोर कोण उभा आहे आणि टेबलाचे पैसे कोणाच्या खिशातून जाणार आहेत, हे पाहून वरखाली होते. म्हणून या आत्मपारखेकडे अंदाज म्हणून पाहण्यापेक्षा भाव म्हणून पाहणे जास्त बरोबर. आणि भावात घासाघीस ही आलीच.

नागपुरात रामदासपेठ ही दवाखाने, हॉटेले आणि सेंट्रल बाजार रोडवरची दुकाने यांची गजबजलेली मध्यवस्ती. अशा वस्तीतल्या पार्लरमध्ये टेबल तासावर किंवा फ्रेमवर मिळते आणि ‘हरेल तो भरेल’ हा रिवाज न सांगता पाळला जातो. नव्या चेहऱ्याला पहिला प्रश्न येतो, ‘कसा खेळतो?’ उत्तरही ठरलेले: ‘असंच भाऊ, टाइमपास.’ हे उत्तर दोन्हीकडून सुरक्षित आहे. हरला तर आधीच सांगून ठेवले होते. जिंकला तर विजय आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. खरा चांगला खेळणाराही हेच बोलतो आणि आठवड्यापूर्वी क्यू धरायला शिकलेलाही हेच, त्यामुळे या उत्तरातून माहिती अशी काहीच मिळत नाही. माहिती मिळते ती पुढच्या बोलण्यातून:

‘किती देतो?’
‘वीस दिले.’
‘वीस काय बे? तीस दे. दोन महिन्यांपासून हात सुटला आहे.’
‘परवाच तर खेळत होता तू!’
‘परवा तुक्के लागले ना.’

इथे वीस-तीस म्हणजे स्नूकरच्या फ्रेममध्ये कच्च्या खेळाडूला सुरुवातीलाच मिळणारे गुण, म्हणजे लीड. पूलच्या एट-बॉलमध्ये गुण नसल्यामुळे तिथे लीड फ्रेममध्ये मिळते: ‘मी पाच जिंकायचे, तू तीन.’ गप्पांत स्वतःला शेरास सव्वाशेर म्हणवणारा माणूस लीड ठरवताना एकाएकी आजारी, सराव तुटलेला आणि चष्म्याचा नंबर वाढलेला होतो. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी त्याचा खरा खेळ असतो. तो किती लीड मागतो यापेक्षा किती लीडवर खेळायला तयार होतो, हा आकडा सर्वांत विश्वासाचा. तो आकडा पैशाच्या भीतीने आवरलेला असतो, हे त्याचे कारण.

या सगळ्याला प्रादेशिक इतिहास आहे आणि तो नागपूरपासून फार दूरचा नाही. स्नूकर जन्मला १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये. जबलपूर तेव्हा मध्य प्रांतात होते आणि १८६१ मध्ये स्थापन झालेल्या त्या प्रांताची राजधानी नागपूर. नेव्हिल चेम्बरलेन या तरुण लष्करी अधिकाऱ्याने लाल चेंडूंच्या जुन्या खेळात रंगीत चेंडू घालून नवा खेळ जमवला. एकाचा सोपा चेंडू हुकला तेव्हा वुलिचच्या लष्करी अकादमीतल्या पहिल्या वर्षाच्या कच्च्या विद्यार्थ्यांना जी हेटाळणीची संज्ञा होती, ती त्याने त्याला चिकटवली, आणि मग त्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून ‘या खेळात आपण सगळेच तसे’ अशी सारवासारव केली. खेळाला तेच नाव पडले. पहिल्याच दिवशी दुसऱ्याला जोखायचे आणि लगेच स्वतःलाही त्याच पंगतीत बसवायचे, हा पार्लरी शिष्टाचार तेव्हापासूनचा म्हणावा लागेल. नियम पक्के होऊन १८८२ मध्ये उटीच्या क्लबात लावले गेले.

त्यानंतरची कित्येक दशके हा खेळ क्लबांच्या भिंतींआड राहिला आणि तिथे पातळी ठरवण्याचे काम सभासदांनी स्वतः केलेच नाही. ते केले मार्करने. मार्कर म्हणजे बिलियर्ड्सच्या खोलीतला नोकर: टेबलाला ब्रश मारणारा, गुण मोजणारा, जोडीदार नसेल तर स्वतः खेळणारा, नवख्याला हात धरून शिकवणारा. अनेक ठिकाणी मार्करचा खेळ बहुतेक सभासदांपेक्षा सरस असे, आणि साहेबाला चार गुणांनी जिंकू कसे द्यायचे हेही त्याला ठाऊक असे. ‘साहेब, आज हात छान चालला’ हे त्याचे वाक्य मूल्यमापन म्हणून निरुपयोगी. पण हँडिकॅप स्पर्धा आली की कोणाला किती गुण द्यायचे यासाठी त्याचाच शब्द घ्यावा लागे, कारण रोज संध्याकाळी प्रत्येकाचा खेळ शेवटपर्यंत पाहणारा तो एकटाच. पार्लरांनी क्लबातून टेबल घेतले, क्यू घेतले, रिवाजही घेतले. मार्कर मात्र तिथे काउंटरवर पैसे घेणारा मुलगा झाला. खेळाडूची पातळी ठरवण्याचे काम त्यामुळे खेळाडूवरच येऊन पडले, आणि गोंधळाची सुरुवात इथे आहे.

गोंधळ सगळ्या प्रकारांत सारखा नाही. इंग्लिश बिलियर्ड्समध्ये तो सर्वांत कमी. तिथे खेळाडू टेबलाशी आला की काही गुण करतो किंवा करत नाही, आणि दर पाळीची सरासरी कागदावर निघते. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले, १९६४ मध्ये पुन्हा झाले; मुंबईच्या मायकल फरेरांनी हे पद १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये मिळवले. हे दोघेही नियमांच्या हिशेबाने हौशीच होते, पण आपण कसे खेळतो हे त्यांना कोणाला सांगावे लागले नसणार; गुणफलक होता.

स्नूकरमध्ये गुण आहेत, म्हणून ‘ब्रेक’ हे माप आहे. एका पाळीत सलग केलेले गुण, सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त १४७. हौशी माणसाला विचारले तर तो आपला सर्वोत्तम ब्रेक सांगतो, नेहमीचा नाही. तीन वर्षांपूर्वी एका पावसाळी दुपारी चाळीसचा ब्रेक लागला होता. तो सांगताना ‘चाळीस मारतो’ असा वर्तमानकाळी होतो. नेहमीचा ब्रेक बारा-पंधराचा असतो आणि त्याची आठवण कोणी ठेवत नाही. पूलमध्ये, विशेषतः एट-बॉलमध्ये, हेही माप नाही. फ्रेम जिंकली किंवा हरली, एवढेच. प्रतिस्पर्ध्याने चुकून काळा चेंडू आधी घातला तरी खाते आपल्या नावावर जमा. साहजिकच स्वतःबद्दलचे सर्वांत मोठे गैरसमज पूलच्या टेबलाभोवती सापडतात.

थोडे गणित केले की हे उलगडते. समजा एक खेळाडू दुसऱ्याच्या दुप्पट भारी आहे, म्हणजे तीन फ्रेमपैकी सरासरी दोन जिंकतो. हा फरक मोठा आहे. तरी कच्चा खेळाडू एक फ्रेम खेळला तर ती जिंकण्याची शक्यता ३३ टक्के. तीनपैकी दोनच्या सामन्यात सुमारे २६ टक्के. आधी पाच फ्रेम जिंकेल तो विजयी, असे ठरवले तरी १४ टक्क्यांच्या वर. हरेल तो भरेल या रिवाजात सामने लहान, बहुधा एका फ्रेमचेच. तेव्हा दुपटीने कच्चा असलेला मुलगाही आठवड्यात चार-पाचदा ‘त्याला हरवले’ असे खरेपणाने सांगू शकतो. बाकीच्या वेळी खडू नीट लागला नव्हता.

खडूवरून आठवले. टेबलाशेजारी पाच मिनिटे उभे राहिले तरी बरेच कळते, आणि पॉटकडे न पाहता कळते. कच्चा खेळाडू फटका हुकल्यावर क्यूच्या टोकाला खडू घासतो आणि टोकाकडे संशयाने बघतो. जाणता फटक्याआधी घासतो. कच्च्याचे डोळे चेंडू खिशात पडेपर्यंत त्या चेंडूवर असतात. जाणता पांढऱ्याकडे बघत असतो, कारण चेंडू पडणार हे त्याने गृहीत धरलेले असते आणि पांढरा कुठे थांबतो यावर पुढचा फटका अवलंबून असतो. जोरात पॉट मारून टाळ्या घेणारा आणि पुढच्या फटक्याला टेबलावर आडवा पडून रेस्टची काठी मागणारा खेळाडू स्वतःला हमखास एक पायरी वर मोजतो.

प्रेक्षकांचाही परिणाम मोजलेला आहे. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात संशोधकांनी पूल खेळणाऱ्यांना आधी दुरून, न कळता पाहिले आणि मग चौघांनी टेबलाजवळ उभे राहून पाहिले. चांगल्या खेळाडूंचे यशस्वी फटके ७१ टक्क्यांवरून ८० वर गेले. कच्च्यांचे ३६ वरून २५ वर आले. म्हणजे ‘लोक बघायला लागले की माझा हात बिघडतो’ ही तक्रार खोटी नाही, फक्त ती करणारा नकळत आपली पातळीही सांगून जातो. कमी येणाऱ्याला आपले कमीपणही नीट मोजता येत नाही, हे जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांनी १९९९ मध्ये विनोद, तर्क आणि व्याकरण यांच्या चाचण्यांतून मांडले. पूलचे टेबल त्यांनी वापरले नव्हते, पण वापरले असते तर त्यांचा बराच वेळ वाचला असता.

टेबल बदलले की पातळीही बदलते. स्नूकरचे टेबल बारा फूट बाय सहा फूट, खिसे सुमारे साडेतीन इंचांचे; पूलचे सात ते नऊ फुटांचे, खिसे साडेचार इंचांच्या आसपास. पूलवर वाघ असलेला स्नूकरच्या टेबलावर लांबचा लाल चेंडू तीनदा हुकला की ‘हा खेळच वेगळा आहे’ म्हणतो, आणि तेवढ्यापुरते ते खरे आहे. हवेचाही वाटा असतो. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कापड वेगवान चालते. पावसाळी दमट हवेत तेच कापड जड होते, पांढरा अलीकडेच थांबतो. एसी खोलीत फरक कमी होतो, पण सबब उरते.

पारखेचे काम खेळाडूच्या हातून काढून घ्यायचे प्रयत्न अमेरिकेत झाले. १९७९ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशनच्या लीगमध्ये एट-बॉलच्या खेळाडूला २ ते ७ असा अंक मिळतो आणि पाच जणांच्या संघाच्या अंकांची बेरीज सहसा २३ वर जाऊ देत नाहीत. मग हातचे राखून खेळणे आले: अंक खाली राहावा म्हणून सोपा चेंडू मुद्दाम सोडायचा. त्यावर नजर ठेवायला लीगला वेगळी यंत्रणा ठेवावी लागते. अलीकडची फार्गोरेट ही पद्धत निव्वळ कोण कोणाला किती फ्रेमने हरवतो यावरून अंक काढते. शंभर अंकांचा फरक म्हणजे वर मांडलेले दोनास एक प्रमाण. आपल्याकडे राष्ट्रीय संघटनेचे मानांकन स्पर्धा खेळणाऱ्यांपुरते. पार्लरमधल्या मुलाकडे अंक असतो तो मोबाइलवरच्या पूलच्या गेममधल्या लेव्हलचा, आणि त्या गेममध्ये चेंडू कुठे जाईल हे दाखवणारी रेष पडद्यावर आखून मिळते.

कोणाच्याही मताशिवाय स्वतःला मोजायची एक सोपी रीत खेळाडूंत रूढ आहे. काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी खेळायचे. पहिल्या फटक्याने चेंडू फोडायचे, पांढरा हवा तिथे ठेवायचा आणि एकही चूक न करता टेबल साफ करायचे. एक चेंडू हुकला की फ्रेम प्रतिस्पर्ध्याची. नऊ चेंडू जड जात असतील तर तीनवर यायचे, दहा फ्रेम खेळायच्या, पाचाहून अधिक जिंकलो तर एक चेंडू वाढवायचा. किती चेंडूंवर अडतो, ती आपली पातळी. पार्लरमध्ये ही चाचणी फारसे कोणी करत नाही, कारण एकट्याने खेळले तर टेबलाचे पैसे दर वेळी स्वतःलाच भरावे लागतात.