दुपारी एकची रांग

दहावीचा निकाल आणि दुपारचा एक वाजणे यांचे नाते महाराष्ट्रातल्या घराघरांत ठाऊक आहे. एकाच्या ठोक्याला बैठक क्रमांक आणि आईचे नाव टंकायचे, कळ दाबायची आणि पडद्याकडे पाहत बसायचे. १ जानेवारी १९६६ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या राज्य शिक्षण मंडळाचा निकाल पूर्वी असा मिळत नसे. मॅट्रिकच्या काळात तर उत्तीर्णांचे क्रमांक वर्तमानपत्रात छापून येत आणि एका अंकाभोवती सारी आळी गोळा होई.

१६ जुलै २०२१ हा दिवस आठवून पाहा. करोनामुळे त्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, ९९.९५ टक्के. विद्यार्थी सुमारे पावणेसोळा लाख. एक वाजला आणि निकालाची संकेतस्थळे बंद पडली. मुले आणि पालक काही तास पडद्याकडे पाहत राहिले. त्या दिवशी नेमके काय बिघडले, याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण अशी गर्दी संगणकाला का झेपत नाही, याला एक इतिहास आहे.

तो सुरू होतो दूरध्वनीपासून. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा गणिती होता. इतक्या लोकांनी फोन केले तर किती तारा लागतील, या प्रश्नावर त्याने १९०९ मध्ये निबंध लिहिला आणि रांगेचे शास्त्र जन्मले. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन लिटल यांनी त्यातला एक साधा नियम सिद्ध केला. दर सेकंदाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाला लागणारे सेकंद, म्हणजे एका वेळी आत असणारी माणसे. बस्स, एवढेच!

आता महाजालाकडे येऊ. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस पहिला वेब सर्व्हर चालवला. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात रॉब मॅकूल यांनी आपला सर्व्हर लिहिला, आणि त्याला ठिगळे लावत १९९५ मध्ये अपाची उभा राहिला. त्याची पद्धत एखाद्या खानावळीसारखी होती. प्रत्येक पाहुण्यामागे एक वाढपी. पाहुण्याचे जेवण झाले, तरी त्याला आणखी काही हवे असेल म्हणून वाढपी आणखी थोडा वेळ तिथेच उभा. जुन्या अपाचीबरोबर येणाऱ्या मांडणीच्या फायलीत वाढपी जास्तीत जास्त १५० आणि हे ताटकळणे १५ सेकंदांचे असे.

या आकड्यांना लिटलचा नियम लावून पाहा. एका निकालाला दोन सेकंद लागतात असे धरू. नंतर पंधरा सेकंद ताटकळणे. म्हणजे एक वाढपी सतरा सेकंद अडकला. दीडशे वाढप्यांकडून सेकंदाला नऊ पाहुणेसुद्धा उरकत नाहीत. ताटकळणे दोन सेकंदांवर आणले, की तेच यंत्र सदतीस पाहुणे उरकते. एक पैसा खर्च नाही, फायलीतला एक आकडा बदलला! अपाचीच्या पुढच्या आवृत्त्यांत ही मुदत मुळातच ५ सेकंदांवर आणली गेली.

मग वाढपीच हजार का करू नयेत? कारण स्वयंपाकघर तेवढेच आहे. एका वाढप्याला २५ मेगाबाइट स्मृती लागली, तर ४ गिगाबाइटमध्ये दीडशेच्या आसपासच मावतात. त्याहून अधिक घुसवले, की यंत्र स्मृतीतला मजकूर चकतीवर हलवू लागते आणि सगळेच उपाशी राहतात.

१९९९ मध्ये डॅन केगल यांनी विचारले, एका यंत्राने एकाच वेळी दहा हजार ग्राहक का सांभाळू नयेत? रशियात इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये एंजिनएक्स हा सर्व्हर जाहीर करून त्याला उत्तर दिले. त्यांची पद्धत आपल्या पंगतीची. पानामागे माणूस नाही. मोजके वाढपी साऱ्या पंगतीवर नजर ठेवतात आणि ज्याचे पान रिकामे, त्याच्याकडे वळतात.

पण निकालाचे गणित याहून कठीण आहे. पावणेसोळा लाखांपैकी निम्मे जरी पहिल्या दहा मिनिटांत आले, तर सेकंदाला तेराशेहून अधिक मागण्या होतात. शिवाय पान उघडले नाही, की मूल पुन्हा कळ दाबते आणि रांग आपोआप दुप्पट होते. इथे वाढपी मोजण्यापेक्षा जेवणाचा वेळ कमी करणे महत्त्वाचे. गुणपत्रिका एक वाजता तयार होत नाही, ती आधीच तयार असते. मग प्रत्येक वेळी कोठारात शोधाशोध कशाला? पावणेसोळा लाख पाने आदल्या रात्रीच बनवून ठेवावीत. दोन सेकंदांचे काम एक-विसांश सेकंदावर आले आणि ताटकळणे बंद केले, तर तेच दीडशे वाढपी सेकंदाला तीन हजार मागण्या पुरवतात. जुने वर्तमानपत्र हेच करीत होते. निकाल आधी छापून, हजारो प्रतींत वाटून मोकळे! अलीकडच्या वर्षांत निकाल एकाच वेळी अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवर दिला जातो, त्यामागेही हाच वाटणीचा विचार आहे.

ही केवळ तंत्रज्ञांची बाब नाही. पुण्यात वेगवान जोडणी असलेल्या घरी मूल पन्नासदा कळ दाबू शकते. दुर्गम पाड्यावरच्या मुलीच्या हाती उसना मोबाइल असतो आणि टेकडीवर चढून मिळणारी दोन दांड्यांची रेंज. सर्व्हरने तिला पहिल्याच खेपेला उत्तर दिले पाहिजे. फायलीतले ते आकडे निवांत वेळी, गर्दी येण्याआधी, कोणीतरी बसून तपासायचे असतात. परीक्षेआधी अभ्यास करावा, हे आपण मुलांना सांगतोच. यंत्रांनाही तोच नियम लागू आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)