आजी-आजोबांचा व्हिसा

जपानमधल्या मराठी घरांत पुढची पिढी मराठीपासून दुरावली की बोट आईवडिलांच्या अनास्थेकडे दाखवले जाते. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. परदेशातल्या घरात कोण राहणार, हे आस्थेच्या आधी पोटापाण्याची सोय आणि सरकारी नियम ठरवतात. कोबेतल्या जुन्या भारतीय वस्तीचेच पाहा. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कैशा या जपानी जहाज कंपनीने टाटांच्या साथीने कोबे-मुंबई जहाजमार्ग सुरू केला आणि हिंदुस्थानी कापूस जपानी गिरण्यांकडे निघाला. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तिथले अनेक भारतीय व्यापारी कोबेला गेले. ही पेढ्यांची वस्ती होती. पेढी बापाकडून मुलाकडे जाते, त्यामुळे मुलाला तिथेच राहायला कारण होते. कोबेच्या किटानो भागात १९८५ मध्ये जैन मंदिर उभे राहिले, ते अशा रुजलेल्या घरांच्या बळावर.

टोकियोतल्या निशीकसाईत २००० च्या सुमारास संगणक अभियंते आले ते नोकरीसाठी, आणि नोकरी वारशाने मिळत नाही. नोकरदाराला जोडीदार आणि मुले आणता येतात. आईवडील या कुटुंब-परवान्यात बसत नाहीत. उच्चकुशल व्यावसायिकांना २०१२ पासून सवलत आहे, पण तीही सात वर्षांखालच्या मुलाच्या संगोपनासाठी किंवा बाळंतपणासाठी, आणि घरचे वार्षिक उत्पन्न किमान ८० लाख येन असेल तरच. इतरांकडे आजी-आजोबा येतात ते एका खेपेला फार तर ९० दिवस. ज्या माणसाशी मराठीवाचून बोलताच येत नाही, तेच माणूस घरात नसते.

व्हिडिओ कॉल आहेत, टोकियो मराठी मंडळाचा गणेशोत्सव आहे, असे कुणी म्हणेल. त्यांचे मोल मोठेच आहे, पण रोजच्या रुसव्याफुगव्याची भाषा त्यांतून येत नाही. अधिक वजनदार आक्षेप शाळेचा आहे: कोबेतल्या पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या भारतीय घरांनीही मुले इंग्रजी शाळांत घातली, मग घरातल्या आजीने काय साधले? शाळेचा प्रभाव मला मान्य आहे. मात्र शाळेची निवडही नियमांच्या छायेतच होते. परदेशी आईबापांच्या मुलाला जपानमध्ये जन्मल्याने नागरिकत्व मिळत नाही आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. भारतात जन्मलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये टोकियोतल्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले, ते जपानी नागरिकत्व घेतल्यानंतरच. मुक्काम अनिश्चित असलेले पालक परतीची वाट मोकळी ठेवतात. म्हणून २००४ आणि २००६ मध्ये टोकियोत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा निघाल्या, त्याही इंग्रजी माध्यमाच्या. जपानी शाळेत मूल जपानी होते, भारतीय शाळेत इंग्रजी. मराठीचा सगळा भार पडतो तो नियमांनी दोनच मोठी माणसे ठेवलेल्या घरावर.